खारातला देव

आमच्या खारातल्या आंब्यांच्या बरणीतला धोंडा मागच्या जूनमध्ये काही दिवस देव होता. आता तो पुन्हा आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला आहे आणि आमच्या घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही. (मी सोडून. मला गप्प राहवत नाही, सगळा घोटाळा त्यातूनच झाला.)

फोनवरच्या एका ग्रुपमुळे हे सुरू झालं. ग्रुपचं नाव 'अजबखाना'. कोकणात राहणारे आणि कोकणातून मुंबईला गेलेले असे खंडीभर लोक त्यात आहेत. कुठेही काही विचित्र सापडलं की त्याचा फोटो टाकायचा, खाली 'ओळखा पाहू!' असं लिहायचं आणि बाकीच्यांनी हातातली कामं सोडून ओळखत बसायचं. नाटे गावातल्या एकाने जाळ्यात आलेला मासा टाकला होता, हुबेहूब त्याच्या मेव्हण्यासारखा. पुरावा म्हणून शेजारी मेव्हण्याचाही फोटो होता. (दोघांत मासा जास्त प्रसन्न दिसत होता.) कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पितळी यंत्र होतं, ते जहाजाचं आहे की शेवयांचं यावर दोन भावांनी बोलणं टाकलं होतं!

या ग्रुपचे अनभिषिक्त सम्राट म्हणजे गुहागरचे दामले. रोज सकाळी ते पुळणीवर फेऱ्या मारायचे आणि समुद्र जणू त्यांच्यासाठीच वस्तू बाहेर टाकायचा. एकदा त्यांना परदेशी बनावटीचा एक बूट सापडला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी त्याच बुटाचा जोडीदार सापडला! आता दामले ते दोन्ही घालून फेऱ्या मारतात. दर आठवड्याला ग्रुपचा 'मानकरी' निवडला जातो, तो मान आलटून पालटून दामल्यांना किंवा दामल्यांनाच मिळतो.

आणि मी? मी आमच्या परसातलं, स्वतःच स्वतःला गाठ मारून बसलेलं पडवळ टाकलं होतं. त्यावर दिवसभरात एकच प्रतिक्रिया आली, 'भाजी करा.' तीही दामल्यांची. माझ्या काळजाला ते फार लागलं.

त्याच सुमारास एका सकाळी आई बाजारात गेली होती आणि मी स्वयंपाकघरात काही खायला मिळतंय का ते बघत होतो. कोपऱ्यात खारातल्या आंब्यांची चिनी मातीची बरणी होती. मे महिन्यात आई रायवळाच्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालते, वर एक ताटली ठेवते आणि त्या ताटलीवर धोंडा. धोंड्याचं काम एकच, आंबे पाण्याखाली दाबून धरायचे. आंबे वर तरंगले की त्यांना बुरा येतो आणि अख्खी बरणी फुकट जाते. हा धोंडा आईच्या आईने तिला लग्नात दिलेला, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचा. काळा, गुळगुळीत, अंड्यासारखा, आणि वर्षानुवर्षं खारात बसून त्याच्या कमरेभोवती मिठाचं एक पांढरं वळं उमटलेलं.

मी बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, म्हणजे दादरा, सोडला, आत वाकून बघितलं, आणि जन्मभर घरात असलेला तो धोंडा मला पहिल्यांदाच दिसला.

"पाच मिनिटांत परत ठेवतो," असं मी मनाशी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं याच वाक्याने सुरू झालेली आहेत.

फोटो चांगला यायला हवा म्हणून धोंडा पुसला. चकाकी यावी म्हणून त्याला खोबरेल चोळलं. पडवीत उजेड चांगला म्हणून तिथे पाट मांडला, पाटावर बायकोचा लाल खण अंथरला आणि त्यावर धोंडा ठेवला. 'राहत्या घरात सापडलेली अद्भुत वस्तू. ओळखा पाहू!' असं लिहून फोटो टाकला.

आणि काय सांगू! ग्रुप पेटला! कोणी म्हणालं तोफेचा गोळा, कोणी म्हणालं डायनासोरचं अंडं, कोणी म्हणालं देवमाशाचा मुतखडा. मग खुद्द दामले उतरले.

'वस्तूला वास आहे का?' दामल्यांनी विचारलं.

'आहे. खारट आणि किंचित आंबट,' मी प्रामाणिकपणे लिहिलं.

'बाप रे! ही समुद्रात पडलेली उल्का आहे! वळं बघा. तापमान घ्या!'

मी घरातला तापाचा थर्मामीटर धोंड्याला लावला. (ताप नव्हता.) तसं कळवल्यावर दामले आणखीच गंभीर झाले. 'थंड झालेली आहे, म्हणजे फार जुनी. कुठेही हलवू नका. मी परवा तवसाळची फेरीबोट धरून येतोय.'

दामले! माझ्या घरी! मी धोंडा तिथेच ठेवला आणि ही बातमी सांगायला बायकोला शोधत परसात गेलो. इतक्यात आमच्या शेजारच्या शेवंताकाकी पडवीत विरजण मागायला आल्या. पाट, लाल खण, तेल लावलेला काळा धोंडा आणि त्याच्याभोवती पांढरं वळं. त्या बाईंनी तरी दुसरं काय समजायचं? मी परत येईतो धोंड्यावर हळद, कुंकू आणि जास्वंद चढलेली होती.

"नंद्या, ह्यो कुठं गावला रं?" काकींनी हात जोडूनच विचारलं.

"घरातच, काकी. म्हणजे... अचानक दिसला."

"आपसूक परकट झाला? गो बाय माजे! आणि बग, जानवं हाय त्याला! ह्यो साधा धोंडा नाय हा!"

त्याच वेळी मी खरं सांगायला हवं होतं. पण ग्रुपवर तोपर्यंत माझं नाव मानकऱ्यासाठी पुढे आलं होतं, आणि बरणीतला धोंडा म्हटल्यावर दामले कशाला फेरी धरतील? मी नुसता नम्रपणे हसलो. काकींनी तिथल्या तिथे नवस बोलून टाकला. त्यांची लाडकी कोंबडी बरेच दिवस अंडं देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडीने अंडं दिलं.

दुपारपर्यंत सगळी आळी आमच्या पडवीत! कुणी गुडघेदुखी घेऊन आलं, कुणी भूमापनाचा खटला. आणि आत स्वयंपाकघरात आई बरणीपुढे उभी होती.

"नंद्या, आंबे वर आलेत. माझा धोंडा कुठाय?"

मी पडवीकडे बोट दाखवलं. आईने दारातून डोकावून बघितलं. तिचा धोंडा उदबत्तीच्या धुरात बसला होता आणि एक बाई त्याला गुडघा दाखवत होती.

"मेल्या, काय करून ठेवलंस हे!"

"आई, फक्त उद्यापर्यंत! दामले येतायत गुहागरहून उल्का बघायला!"

"तुझ्या दामल्यांना घाल चुलीत! आता कुंकू लागलेला धोंडा मी बरणीत बुडवू? आणि नाही बुडवला तर आंब्यांचं काय? रायवळ संपला यंदाचा. पावसाळाभर पेजेबरोबर काय खाणार आहेस, उल्का?"

तिचा आवाज जरा कापला. मला खरंच वाईट वाटलं. माझी आई रागावते तेव्हा मी घाबरत नाही, पण आवाज कापला की काहीतरी करून दाखवावंसं वाटतं, आणि मी काही करून दाखवलं की ते नेहमी आधीच्यापेक्षा वाईट असतं.

मी परसाच्या कुंपणाच्या गडग्यातला एक जांभा दगड काढला, स्वच्छ धुतला आणि आईच्या नकळत बरणीत ठेवला. जांभ्याच्याच चिऱ्यांच्या घरात जन्म गेला माझा, जांभ्याचा रंग सुटतो हे मला माहीत असायला हरकत नव्हती! तासाभरात खाराचं पाणी काव घातल्यासारखं लाल झालं.

आईने आंबे उपसून धुतले, मिठाचं पाणी पुन्हा उकळलं, निववलं, आंबे परत भरले, आणि हे सगळं एकही शब्द न बोलता. मी घाबरून व्यायामाचं लोखंडी वजन आणून दिलं.

"गंज चढवायचाय का आता आंब्यांना?" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही मदत करू नका ना!"

मग आईने मुसळ धुऊन पुसून माझ्या हातात दिलं आणि बरणीजवळ स्टूल ठेवलं.

"बस इथे. ताटली दाबून धर. माझा धोंडा मोकळा होईतो उठायचं नाही."

असा मी बसलो. मधूनमधून बायको पाळीला यायची, पण आईच्या मते तिला बाकीची कामं होती आणि मला नव्हती. मुसळ जरा सैल पडलं की एखादा आंबा ताटलीच्या कडेने डोकं वर काढायचा, आणि पलीकडे भाजी चिरणारी आई मान वर न करता म्हणायची, "हललास."

दामले आले ते मी असा कामावर असतानाच. पायांत तेच दोन वर्षांत जमवलेले बूट. पडवीत गर्दी बघून ते थबकले. मी मुसळ न सोडता स्वयंपाकघराच्या दारातून ओरडलो, "या, या! मी जरा अडकलोय!"

त्यांनी पिशवीतून लोहचुंबक काढलं. ते धोंड्याकडे किंचितसं झुकलं. पडवी थरारली! (किनाऱ्यावरचा काळा कातळ कधी कधी चुंबकाला ओळख देतो, हे मला पुढे कळलं.) मग दामल्यांनी भिंग लावलं, वळं तपासलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आता शेवटची परीक्षा. खरा अभ्यासक दगड चाटून बघतो."

त्यांनी धोंडा उपडा केला, जिथे कुंकू लागलं नव्हतं ती जागा शोधली आणि डोळे मिटून जीभ लावली. पडवीतल्या सगळ्या माना पुढे झाल्या. आत मी मुसळावर पूर्ण भार टाकला.

दामल्यांनी डोळे उघडले. पुन्हा एकदा चाटलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की दुसरा बूट सापडला तेव्हाही पसरलं नसेल.

"काकू," ते आत बघून म्हणाले, "रायवळाचे आंबे ना? मोहरी नाही घालत तुम्ही. आमची आई घालायची."

शेवंताकाकी हळूहळू माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला बघितलं, मुसळ बघितलं, बरणी बघितली.

"म्हंजे आमी इतके दिस बरणीतल्या धोंड्याच्या पाया पडलो? मग माज्या कोंबडीनं अंडं दिलं त्ये?"

मी तोंड उघडलं, पण आई पदराला हात पुसत पुढे झाली.

"शेवंता, माझ्या आईने दिलेला धोंडा आहे तो. मी सासरी आले तेव्हा माझ्या ओळखीचं या घरात तेवढंच होतं. इतकी वर्षं माझे आंबे सांभाळतोय. तुझ्या एका कोंबडीचं काय जड त्याला?"

काकींना ते पटलं. खरं म्हणजे मलाही पटलं. आईने धोंडा उचलला, कढत पाण्याने धुतला, कोरडा पुसला, आणि बरणीत ठेवण्याआधी क्षणभर कपाळाला टेकवला.

"आई, तूसुद्धा?" मी म्हणालो.

"मी दर वर्षी करते. तुझं कधी लक्ष होतं?" ती म्हणाली. "ऊठ आता. मुसळ धुऊन ठेव."

मला उगाचच गलबलून आलं. मी नाक ओढलं तर आई म्हणाली, "बरणीपासून लांब हो आधी."

शेवंताकाकींनी आपली जास्वंद बरणीच्या दादऱ्यात खोचली. दामले पेज आणि खारातला आंबा खाऊन, वर दोन आंबे डब्यात बांधून घेऊन संध्याकाळच्या फेरीने गेले. जाताना मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. ग्रुपवर मी काही बोलणार नाही."

आणि ते बोलले नाहीतच. त्यांनी फक्त एक फोटो टाकला. तोंड पाडून, स्टुलावर बसून, बरणीत मुसळ रोवून धरलेला मी! खाली लिहिलं होतं, 'राहत्या घरात सापडलेली अद्भुत वस्तू. ओळखा पाहू!'

ग्रुपच्या इतिहासात इतकी उत्तरं कधी आली नव्हती. कोणी लिहिलं तोफेत दारू ठासणारा शिपाई, कोणी लिहिलं शिक्षा भोगणारा राक्षस. नाटे गावातल्या सदस्याने पुन्हा मेव्हण्याचा फोटो टाकला. बायकोने हे सगळं आईला वाचून दाखवलं. आई टाइप करत नाही, पण तिने उत्तर सांगितलं आणि बायकोने ते माझ्याच फोनवरून पाठवलं. दामल्यांनी तेच बरोबर ठरवलं, आणि त्या आठवड्याचा मान आमच्या घरात आला तो आईच्या नावाने.

तिचं उत्तर होतं, 'बदली धोंडा. हलतो फार.'