राजनंदिनीचं ग्राउंड

हडकोतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली राहतात. सध्या दोघी आहेत, राजनंदिनी आणि मेघा. राजनंदिनी पैठणची. वडील नाहीत. आई भामाबाई मागावर बसते, दुसऱ्यांसाठी पैठण्या विणते. पोरगी उंच, काटक आणि तोंडानं भारी फटकळ. पहिल्याच दिवशी मी ताट पुढं केलं तर म्हणते, "काकू, दोन पोळ्यांत कुणी पोलीस होत नाय." तेव्हापासून तिच्या ताटातल्या पोळ्या कुणी मोजत नाही.

मागच्या भरतीत तिचा नंबर एका मार्कानं गेला. "एक मार्क, काकू! डोळ्यात कुसळ गेल्यावानी झालंय. निघतच नाय." आठशे मीटर थोडं आणखी जोरात पळाली असती तर तो मार्क मिळाला असता, एवढंच तिच्या डोक्यात. या वेळी दोघींचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, गुरुवारी सकाळी होतं.

बुधवारी दुपारी मी ओट्यावर मेथी निवडत होते. राजनंदिनी जिना उतरताना मधेच पायरीवर बसली. कठडा घट्ट धरलेला, ओठ पांढरे पडलेले.

"काकू, इथं कायतरी फडफडतंय."

माझा हात ओढून तिनं छातीवर ठेवला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी झाकण थडथडतं ना, तसं काहीतरी हाताखाली चाललं होतं. मधेच एक ठोका चुकला. बावीस वर्षांची पोरगी, बसल्या जागी असं?

"ॲसिडिटी असंल," मेघा जिन्यावरून म्हणाली. पण तिचा आवाज कापत होता.

भामाबाईंना फोन लावला. "नजर लागली हो ताई, सगळ्या गल्लीत सांगत सुटली होती ना ग्राउंड हाय म्हणून. मीठ-मोहऱ्या उतरून टाका." मी मीठ-मोहऱ्या उतरल्या आणि स्कूटीची किल्लीही घेतली. पोरीला मधे बसवून, मागून मेघानं धरून, घाटीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं.

तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. ईसीजी काढला, पट्टी पाहिली आणि विचारलं, "काही घेतेस का? गोळ्या, पावडर?"

"नाय."

मेघा फरशीकडे बघत होती. मी म्हटलं, "मेघा, वर बघ. बोल."

"मॅडम... दम्याची गोळी."

"हिला दमा आहे?"

"नाय."

मग राजनंदिनीच बोलली. "ग्राउंडवर लई जणी घेतात मॅडम. टायमिंग लावून पळायच्या आधी एक, वर काळी कॉफी. श्वास मोकळा होतो. उद्या दोन घ्यायच्या होत्या. झेपतंय का बघावं म्हणून आज घेतल्या."

डॉक्टरणीनं पट्टी बाजूला ठेवली. "अगं, दमा नसलेल्याचा दम गोळीनं वाढत नाही. हृदय तेवढं पळत सुटतं. तू इथं बसलीयेस आणि ते पळतंय."

ती रागावली तेव्हा मला खरं तर बरं वाटलं. म्हटलं, कारण सापडलं, सुटलो. पण तिनं स्टेथोस्कोप पुन्हा लावला आणि एका जागी ठेवला तो उचलेचना. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"व्हय. चौथीत असताना. लई दिवस शाळा बुडाली होती."

"गोळीचा परिणाम उतरेल. पण मला एक आवाज ऐकू येतोय, तो गोळीचा नाही. तसल्या तापानं हृदयाच्या झडपेत दोष राहू शकतो. उद्या अकराला हृदयाची सोनोग्राफी, इको करू, म्हणजे कळेल. तोवर पळायचं नाही."

"उद्या ग्राउंड हाय मॅडम."

"उद्या ग्राउंड नाही."

ठोके ताळ्यावर येईपर्यंत तिला तिथंच झोपवून ठेवलं. घरी आल्यावर ती मुकाट्यानं जेवली. "नाय पळत काकू. झोपा तुम्ही बिनघोर," म्हणाली. सकाळी चहा घेऊन वर गेले तर खोलीला कुलूप, दोघीही नाहीत.

स्कूटी कशी चालवली, मला सांगता येणार नाही. पळता पळता पोरं कोसळल्याच्या बातम्या पेपरात वाचून मी आजवर पान उलटलं होतं. आता त्या सगळ्या बातम्यांना एकच चेहरा होता.

ग्राउंडच्या जाळीबाहेर आई-बापांची गर्दी होती. आत छातीवर नंबर लावून मुली रेषेवर उभ्या, त्यात राजनंदिनी. मी जाळीला धरून हाका मारायला लागले, तसा दारावरचा हवालदार पुढं आला.

"काय झालं बाई? कोण तुमची? तब्येतीचं काही आहे का? असलं तर सांगा, आत्ता बाहेर काढतो."

मी सांगितलं असतं तर पोरीच्या नावापुढं छातीचा आजार लागला असता, तोही माझ्या तोंडून. कदाचित कायमचा. आणि नाही सांगितलं तर? राजनंदिनीनं मला पाहिलं होतं. ती मान हलवत होती. नका, काकू, नका.

"साहेब, तिला डॉक्टरांनी..." मी सुरुवात केली आणि शिट्टी वाजली.

पळाली. पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. बाजूचे लोक ओरडत होते, "अरे, ती लंबी पोरगी बघ!" मी तिच्या पायांकडे बघतच नव्हते. मी तिचा हात बघत होते. वळणाच्या पुढं तो हात छातीकडे गेला.

दोन मुली तिला ओलांडून गेल्या. मग आणखी चार. ती हळू झाली, थांबली आणि पांढऱ्या फक्कीची रेघ ओलांडून आतल्या गवतात बसली. कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलं नाही. आपणहून बसली.

हवालदारानं दार उघडलं. मी पोचले तेव्हा ती घामानं भिजली होती आणि हात बर्फासारखे गार होते.

"काकू, गोळी नाय घेतली. आईची आण. कॉफीपण नाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "तरीबी फडफडलं."

मला वाटलं होतं, तिला ओरडेन, मुस्काटात ठेवून देईन. मी तिचे गार हात चोळत बसले. तिथल्या डॉक्टरांनी नाडी धरली, म्हणाले, "लगेच घाटीला न्या." आमची ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा आत मेघाच्या तुकडीला रेषेवर बोलावत होते. राजनंदिनीनं तिकडं मान वळवून पाहिलं नाही.

"काकू, झडप म्हणजे... दुरुस्त होती का ती?"

"होते," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

"डायवरला सांगा ना, हळू घ्या म्हणावं. धक्के बसायलेत."

या पोरीच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकत होते. माझी भीती तिला कळू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं आणि तिचा हात तेवढा सोडला नाही.