पुसलेल्या काचा

माझा दादा वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घ्यायचा. एका खिशात विजेरी, दुसऱ्या खिशात जुनं फडकं. जिन्याखालच्या फळीवर ओळीने मीटर असायचे आणि धुळीमुळे काचेआडचे आकडे दिसायचे नाहीत, म्हणून आधी पुसायचं, मग वाचायचं. सव्वीस वर्षांत त्याची खोडच झाली. सुट्टीच्या दिवशी कुणाकडे गेलो, तर आमचं वर चहापाणी उरकायचं तरी हा खालीच, काचा पुसत. आई म्हणायची, स्वतःच्या कपाटावरची धूळ मात्र याला दिसत नाही.

आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती, आणि आईच्या गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. तीन वर्षांपूर्वी दादाने तिला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा शेजारीपाजारी दारात उभे राहून बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ती खाली उतरली नाही. खालच्या बाकावर तिच्या मैत्रिणी बसायच्या, ही खिडकीतून बघायची. तळमजल्यावर घर घ्यायचं हे दादाने मनाशी पक्कं केलं होतं, पण त्याच्या पगारात ते बसत नव्हतं.

मग टीव्हीवर ‘सहा वाजेपर्यंत’ आलं. शहराच्या एका भागात सकाळी आठ जणांना सोडायचे आणि करड्या कपड्यांतले सहा धावपटू त्यांच्या मागावर. कुणाच्या घरात शिरायचं नाही. जिने, गच्च्या, बोळ चालतील. संध्याकाळी सहापर्यंत जो हाती लागणार नाही, बक्षीस त्याचं. त्या बक्षिसात तळमजला सहज बसत होता. दादाने अर्ज केला, निवडला गेला, आणि नशीब असं की खेळाचा भाग त्याच्या जुन्या फेरीतलाच निघाला. एकोणपन्नासाव्या वर्षी तो रोज जिने धावत चढायला लागला. मी चिडवायची, धावपटू राहिले बाजूला, तुला धापच पकडेल.

प्रत्येकाचं एक माणूस स्टुडिओत बसवत. दादाकडून मी गेले. मला घरात ‘रेडिओ’ म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा. इथे बोललेलं सगळं पाठलागवाल्यांच्या कानात जातं, असं कागदावर लिहिलं होतं. मी तो वाचून सही केली होती. त्यामुळे कुठली गच्ची, कुठला बोळ, यातलं अवाक्षर मी काढलं नाही. तेवढी अक्कल मला आहे, असं मला वाटत होतं.

पाच वाजेपर्यंत सात जण पकडले गेले. उरला एकटा दादा. तेव्हा तो सूत्रसंचालक माझ्याकडे वळला आणि गोड हसत म्हणाला, की तुमच्या बंधूंना पळता तर येत नाही, दिवसभर कुठेतरी दडी मारून बसलेत. लोक हसले. माझं डोकंच फिरलं.

"तो दडून बसणारा माणूस नाही," मी म्हटलं. "कामाचा माणूस आहे. मीटर दिसला की काच पुसल्याशिवाय पुढे जात नाही. आत्ताही पुसत असेल."

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर उंच धावपटू थांबला. त्याने कानाला हात लावला, शेजारच्या जिन्याखाली वाकला आणि एका काचेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. पुढची इमारत, तिथेही लखलखीत. चौथ्या इमारतीत बारा मीटरपैकी सात पुसलेले होते, पाच राहिले होते. धावपटूने मान वर करून जिन्याकडे पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

दादा घरी आला आणि आईला म्हणाला, चाळीस मिनिटं कमी पडली बघ. आपण कसे सापडलो ते त्याला ठाऊक नव्हतं. कार्यक्रम टीव्हीवर यायला तीन आठवडे होते. मी रोज त्याला सांगायचं ठरवायची आणि रोज भाजी चिरत बसायची. कार्यक्रमाच्या दिवशी दादाने टीव्ही आईच्या पलंगाजवळ आणून ठेवला. मग माझा पावडर थापलेला चेहरा पडद्यावर आला आणि ते वाक्य आलं.

"खोटं काय बोलली ती?" दादा आईला म्हणाला. "पुसतोच की मी." आणि तो पाणी प्यायला आत गेला. आईने खिडकीकडे तोंड केलं.

आई खाली उतरली ती दोन वर्षांनी, चादरीखाली. तेव्हा तिला लाज वाटायचं कारण उरलं नव्हतं.

त्या कार्यक्रमानंतर दादाने माझ्यादेखत कधी मीटर पुसला नाही. दोघं बरोबर निघालो की जिन्यापाशी तो सरळ पुढे बघून चालायचा. मला वाटलं, खोड सुटली. आता तो निवृत्त आहे. गेल्या महिन्यात मी ऑफिसातून लवकर आले, तर हा जिन्याखाली, चष्मा कपाळावर, फडकं घेऊन काच घासतोय. मला बघताच फडकं खिशात गेलं.

"चपलेचा पट्टा तुटला," तो म्हणाला. "तेच बघत होतो."

पूस रे दादा, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर नको तिथे चाललेली माझी जीभ तेव्हा हलली नाही. मी म्हटलं, "ठेव दाराशी, उद्या दुरुस्तीला टाकते."

सकाळी चप्पल दाराशी होती. महिन्याभरापूर्वीच घेतलेली, तळ अजून झिजला नव्हता. पट्टा मुळापाशी ब्लेडने सरळ कापलेला होता.