दारव्ह्याच्या गाडीतला रुमाल

मंडळी, आज सकाळी नेरच्या बसस्टँडवर माझी पार फजिती झाली.

माझी धाकटी बहीण पिंकी आज पहिल्यांदा एकटी अमरावतीला निघाली, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला. आमच्याकडे एसटीत जागा धरायची म्हणजे खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. पिंकी पहिलीत होती तेव्हापासून तिची जागा मीच धरतो. आजही तिला म्हटलं, "तू इथंच उभी राय, हालू नको."

गाडी लागली तसा मी पळत सुटलो. गर्दीतून हात घालून रुमाल टाकला आणि ऐटीत मागे वळलो, तर पिंकी गायब! 

तेवढ्यात बाजूच्या गाडीतून आवाज आला, "दादा, तिकडं कायले रुमाल टाकून राह्यला? ते दारव्ह्याची गाडी हाय!"

बाईसाहेब अमरावतीच्या गाडीत आरामात बसल्या होत्या. बॅग वर ठेवलेली, शेजारच्या सीटवर ओढणी टाकलेली.

"अन् हे जागा कोनाची?" मी विचारलं.

"त्या आजीची. त्यायले चढायले वेळ लागते ना."

दारातून एक म्हातारी हळूहळू चढत होती. सूचनांची अख्खी यादी पाठ करून आलो होतो, ती तशीच राहिली. गाडी निघाली, पिंकीनं हात हलवला, मीही हलवला.

मागे वळलो, तर दुसरी गाडीही निघून गेलेली.

बहीण अमरावतीला, रुमाल दारव्ह्याला. आता तुम्हीच सांगा, डोळे पुसायचे कशानं?