साहेबांच्या गाडीचं छत

सोफावाल्याच्या घरी बसायला धड सोफा नव्हता, यावर गल्लीतल्या सगळ्यांचे विनोद करून झाले होते. जगाच्या बुडाखाली फोम घालणारा हा माणूस स्वतः दोन लोखंडी खुर्च्या आणि एका पलंगावर संसार करत होता. एक सोफा होता पूर्वी. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तो विकला, आणि तरी पैसे पुरेनात तेव्हा थोरल्या बहिणीनं, ताईनं, आपली एफडी मोडून दिली. व्याजाचं नाव काढलं नाही. घाई नाही म्हणाली.

तेव्हापासून बायकोनं घरात कायदा केला होता: ताईंचे पैसे फिटेपर्यंत नवं काही आणायचं नाही आणि कुठे फिरायला जायचं नाही. पोरगी चावणारे बूट घालून शाळेत जात होती, पण हूं की चूं करत नव्हती. कायदा मोडणारा घरात एकच होता, आणि तो म्हणजे घरचा कर्ता.

कारण होता साहेब. साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. पिल्लू असताना तो दुकानात शिरला, गिऱ्हाइकाच्या नुकत्याच तयार झालेल्या खुर्चीवर चढून बसला आणि काही केल्या उतरेना, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. एकदा बसला की त्याला उठवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. पण धावायचाही तसाच. दर रविवारी सोफावाला सायकलवर आणि साहेब शेजारून, असे ते गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे. आता म्हातारपणानं साहेबाचे मागचे पाय गेले होते. रविवार आला की तो दाराशी बसून सायकलकडे बघायचा, आणि सोफावाल्याला ते बघवायचं नाही.

मग त्याच्या डोक्यात गाडी शिरली. सायकलच्या मागे जोडायची, दोन चाकांची, वर छत, आत गादी. साहेबाला त्यात बसवायचं, एक तंबू मिळवायचा आणि कर्ज फिटलं की सगळ्यांनी तळ्याकाठी दोन रात्री राहायचं. बेत झकास होता. अडचण एवढीच, की कर्ज फिटायला अजून अडीच वर्षं होती आणि साहेबाकडे तेवढी नव्हती.

ताई दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः दुकानात यायची. हप्ता घ्यायची, त्यातली एक नोट काढून परत त्याच्या हातावर ठेवायची. "ही पोरीच्या खाऊला." पोरीला त्यातला खाऊ कधी दिसला नाही. त्या नोटांची भंगारातली दोन चाकं आली. शेजारच्या वेल्डरनं सांगाडा जोडून दिला. राहिलं होतं फक्त छत.

आणि नेमका तेव्हाच ताईचा जुना सोफा नवं कापड चढवायला दुकानात आला. कापड तिनं आधीच पसंत केलं होतं, मोरपंखी रंगावर पिवळी पानं.

"किती लागेल रे?" तिनं विचारलं.

टेपवर अकरा मीटर आलं होतं. त्याच्या तोंडून निघालं, "चौदा."

"बाई गं! एवढं?"

"पानांची नक्षी आहे ना, ताई. जुळवताना वाया जातं."

हे खरंच होतं. फक्त ते वाया जाणारं त्या अकरात आधीच धरलेलं होतं. गिऱ्हाइकाकडून मीटरभर जास्त मागवायचं हे धंद्यात चालतंच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण ही गिऱ्हाईक नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. ताईनं मुकाट्यानं चौदा मीटर आणून दिलं.

कात्री लावल्यावर लक्षात आलं की छताला आणि बाजूंना मिळून चार मीटर लागणार. मग त्यानं सोफ्याच्या पाठीमागे तुकडे जोडून भागवलं. पाठ भिंतीकडेच असते, कोण बघतंय! गाडीचं छत मात्र त्यानं मन लावून शिवलं. सोफा पोचवला तेव्हा ताई मजुरी देऊ लागली. "तुझ्याकडून मजुरी घेऊ?" असं म्हणून तो तिथून निघाला, आणि वाटेत त्याला स्वतःची इतकी किळस आली, की घरी गेल्यावर पोटभर जेवताही आलं नाही.

पुढच्या एक तारखेला ताई सकाळीच आली. एरवी ती दुपारी यायची. साहेब नेमका पहिल्यांदाच गाडीत बसला होता. लांबून ताई दिसताच सोफावाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"उतर! साहेब, उतर रे बाबा!" त्यानं गयावया केली.

साहेब कसला उतरतोय! शेवटी त्यानं गाडीवर चादर टाकली. साहेबानं चादरीतून तोंड बाहेर काढलं आणि ताईकडे बघून शेपटी आपटली.

ताई हसली. "काय लपवतोयस रे?" म्हणत तिनं चादर ओढली.

हसू तिथेच थांबलं. मग तिनं एका बाजूच्या पानावर बोट ठेवलं आणि वर छतावरून पलीकडच्या बाजूपर्यंत फिरवत नेलं. पान कुठेही तुटलं नव्हतं.

"परवा झाडताना सोफा पुढे ओढला होता," ती म्हणाली. "मागे पानं मधेच तुटलीत. मला वाटलं, कापड कमी पडलं तुला. आणखी मीटरभर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं." तिनं बोट काढून घेतलं. "इथे छान जुळवलीस."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर त्यानं पाय धरले असते.

"ताई, मी हे उसवतो. तुझ्या सोफ्याची पाठ नव्यानं करून देतो."

"राहू दे. भिंतीकडेच असते."

तिनं वाकून साहेबाचा कान खाजवला. "ह्याचा काय दोष," म्हणाली. मग सरळ उभी राहून तिनं हप्त्यासाठी हात पुढे केला. त्यानं खाली मान घालून पैसे दिले. ते तिनं पर्समध्ये ठेवले.

आणि दर महिन्याच्या सवयीनं त्याचा हात आपोआप नोटेसाठी पुढे गेला.

ताईनं त्या हाताकडे पाहिलं. पर्सची चेन ओढली आणि "येते" म्हणून ती पायऱ्या उतरली. हात तसाच पुढे राहिला होता. तो मागे घ्यायची लाज वाटून त्यानं साहेबाच्या डोक्यावर ठेवला.