अण्णांच्या बँकेतला रहाट

आमच्या घरात सकाळी आधी आईचा रहाट फिरायचा, मग चूल पेटायची. वडील दुसऱ्याच्या मागावर चादरी विणत आणि आई दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरी. मी बी.ए. झालो तो त्या रहाटाच्या कुरकुरीत. घराण्यात पहिलाच, हे मी अजूनही न लाजता सांगतो. पण गोष्ट माझी नाही, अण्णांची आहे. सगळ्या पेठेचं सामान ज्याच्या कुलपात आणि त्यातलं आपलं म्हणावं असं काहीच नाही, असा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही.

अण्णा आमच्या शेजारचे. एका छोट्या बँकेत कॅशियर होते. बँक नव्या इमारतीत गेली त्याच सुमारास ते निवृत्त झाले, आणि रिकामी पडलेली जुनी जागा त्यांनी मालकाकडून भाड्याने घेतली. तिथं गावाच्या इतिहासाचं संग्रहालय काढलं. काढलं म्हणजे काय, बँकच चालू ठेवली. फक्त पैशांच्या जागी जुन्या वस्तू आल्या. तीच लोखंडी जाळी, तेच काउंटर, तेच पितळी बिल्ले. पाहायला आलेल्याने बिल्ला घ्यायचा, बाकावर बसायचं, आणि नंबर पुकारला की खिडकीशी जायचं. मग अण्णा तिजोरीतनं एकेक वस्तू आणून जाळीखालून पुढे सरकवत. पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये ते एकटेच. तरी अण्णांनी त्यांना सात नंबरचा बिल्ला देऊन बसवलं, आत जाऊन चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "सात नंबर!" प्राध्यापक दचकून उभे राहिले. दुपारी दोनला खिडकी बंद. रविवारी, दिवाळीला, म्हणजे लोकांना सवड असेल त्या प्रत्येक दिवशी संग्रहालयाला कुलूप. विचारलं तर म्हणत, "सुट्टीत व्यवहार कोण करतंय?"

यापेक्षा मोठी तऱ्हा वेगळीच होती. अण्णा वस्तू देणगी म्हणून घेतच नसत, ठेव म्हणून घेत. कार्डावर सहीचा नमुना घ्यायचा, आणि मालकाने मागितली की सही जुळवून वस्तू परत. त्यामुळे वैशाखात लग्नं निघाली की घंगाळी, समया, पानदान सगळं ज्याचं त्याला जायचं. गावचा इतिहास वऱ्हाडाबरोबर मोहोळला नाहीतर अक्कलकोटला जाऊन यायचा आणि अंगावर हळदीचे डाग घेऊन परतायचा. तेवढे दिवस आलेल्या माणसाला बिल्ला मिळे, नंबरही पुकारला जाई, आणि खिडकीशी गेल्यावर अण्णा गंभीरपणे सांगत, "आज शिल्लक न्हाय."

मी एकदा म्हणालो, "अण्णा, एखादी तरी वस्तू कायमची मागून घ्या की."

त्यांनी हातातला बिल्ला काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "जन्मभर लोकांचं सांभाळलं रं. आपल्यासाठी मागायची सवयच न्हाय." तेवढ्यात जाळीवरची धूळ झटकायची त्यांना आठवण झाली.

मला सरकारी कचेरीत कारकुनी लागली, पण तात्पुरती. मी आईचं काम थांबवलं. थांबली ती, रहाट मात्र मोडीत घालू देईना. डोक्यावर घेऊन थेट अण्णांच्या खिडकीशी गेली.

"पोराची नोकरी अजून कच्ची हाय. उद्या साहेबानं घालवला तर मला परत बसाय लागंल. मागितला की द्यायचा, अण्णा."

"मागितल्याबरोबर! ही बँक हाय वहिनी, भंगारवाला न्हाय."

कार्डावर आईने अंगठा उठवला. पुढे दर बाजाराच्या दिवशी ती जाऊन ठेव तपासायची. रहाट जाळीखालून मावत नसे म्हणून काउंटरवरच असे, पण तिलाही बिल्ला चुकला नाही. नंबर आला की ती एक फेरा देऊन बघे, आणि संध्याकाळी मला विचारी, "साहेब बरा हाय न्हवं?"

मधल्या काळात मी तिला सही शिकवली. 'राजव्वा' हे नाव पाटी भरून लिहायची, शेवटचा 'व्वा' पार कडेला जायचा. मग एक दिवस मला कायम केल्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन खिडकीशी उभी राहिली.

"अण्णा, पोरगं कायम झालं. रहाट आता बँकेलाच. मला परत नको."

अण्णांनी चष्मा काढला, घातला. कार्ड पुढे केलं. आईने सावकाश सही केली. अण्णा कार्डाकडे बघत राहिले.

"जुळत न्हाय, वहिनी. हितं अंगठा हाय."

"अंगठा सोडला म्या. आता सहीच करणार."

"नियम हाय."

"मग ऱ्हाऊ दे तुमचा नियम. उचल रं रहाट."

मी एका बाजूने रहाट धरला. दुसऱ्या बाजूला अण्णांचा हात होता, तो निघेना. शेवटी अण्णा म्हणाले, "सही बदलता येती. तसा बी नियम हाय." त्यांनी कोरं कार्ड काढलं. आईने परत सही केली, अण्णांनी शिक्का मारला. जन्मभर शिक्के मारलेल्या माणसाचा तो शिक्का तिरका उठला.

वैशाखात मी सहज डोकावलो. समया गेलेल्या, घंगाळी गेलेली, तिजोरी उघडी. अण्णांनी मला बिल्ला देऊन बसवलं, आत गेले आणि पुकारलं. खिडकीशी गेलो तर काउंटरवर एकटा रहाट. अण्णांनी त्याला हलकेच एक फेरा दिला.

"ह्यो न्यायला कुणी येणार न्हाय," ते म्हणाले.

संग्रहालयाच्या मालकीची एक वस्तू झाली होती.