शटरमागची लाडीगोडी

सायकल-मास्तरने दुकानात बाई लपवली आहे, ही बातमी दुपारच्या चहाच्या आत गल्लीभर फिरली. भरदिवसा शटर ओढलेलं आणि आतून मास्तरचा आवाज, "घाबरू नकोस गं. जरासंच. हां, अशी ये सरळ!" समोरच्या इस्त्रीवालीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी फक्त चार घरी सांगितलं.

एरवी मास्तर तोंडाचा फटकळ. कुणी सायकल आडवी टाकली की खेकसलाच, "उजव्या कुशीवर निजवू नका तिला! तिकडे गिअर असतात, अक्कल नाही?" असा माणूस इतका लाडात बोलतो म्हणजे बघा.

बातमी दवाखान्यात कामाला असलेल्या मास्तरच्या बायकोच्या कानावर गेली. तेल घालतो म्हणून तिची सायकल मास्तरने सकाळीच नेलेली, त्यामुळे बिचारी पायी आली. पोचेपर्यंत पारा आणखी चढला.

"अहो, शटर उघडा. दोघंही बाहेर या!"

शटर वर गेलं. आत स्टँडवर तिचीच सायकल, वडिलांनी दिलेली, पोलादी. मागच्या चाकाला लागून तिसरंच एक चाक, आणि ते कवटाळून घामाघूम मास्तर.

"गिअर टांगायचा कान वाकलाय," तो पुटपुटला. "कानाच्या भोकात या जुन्या चाकाचा आस पिळलाय. चाक धरून ओढायचं. दोन्ही चाकं समांतर झाली, की कान सरळ."

"आणि तुटला तर?"

"कान फ्रेमचाच आहे. तुटला तर… फ्रेम गेली."

बायकोचा चेहरा उतरला. "बाबांची सायकल आहे ती! मग गप्पा काय मारताय तिच्याशी?"

"बोललं की हात हळू चालतो गं."

तिने पदर खोचला आणि दोन चाकांच्या फटीत बोटं घातली. "वर तीन, खाली चार. ओढा. हळू!"

कुईं झालं. आत दोघांनी डोळे मिटले, बाहेर आम्ही सगळ्यांनी.

"वर साडेतीन. खाली… साडेतीन!"

मग पुढून, मागून मोजलं. गिअर परत चढवला, पेडल फिरवलं. सकाळपासून आऱ्यांत घुसणारी साखळी मुकाट्याने मोठ्या चक्रावर चढली.

"पण वाकला कसा हो?"

"लोक कुठेही पाडतात," मास्तर इस्त्रीवालीकडे बघत म्हणाला.

आत बाई नव्हती. सकाळी इस्त्रीवालीच्या डोळ्यांदेखत मास्तरने बायकोची सायकल शटरला टेकवली आणि मग शटर वर केलं. ती उजव्या कुशीवर पडली.