आप्पांना खुर्चीत बसवताना

आमच्या नाट्यमंडळात नाटक वर्षाला एक आणि किस्से महिन्याला चार. मी तिथला दिग्दर्शक, कारण दुसरं कोणी तयार झालं नाही. माझे वडील, आप्पा, त्याच मंडळात चाळीस वर्षं पडदा ओढतात. एकही नाटक त्यांनी समोरून पाहिलेलं नाही. सगळी विंगेतून, दोरी हातात धरून. माझं एक तरी नाटक त्यांनी खुर्चीत बसून बघावं, एवढीच माझी इच्छा. दरवेळी सांगतो. ते म्हणतात, "आणि पडदा काय तुझा सासरा ओढणार?"

*

पहिलं नाटक रत्नागिरीतल्या एका हॉलमध्ये. नेहमीचं स्टेज, समोर खुर्च्यांच्या रांगा. मी मोठ्या हौसेने स्टेजवर एक भक्कम भिंत उभी केली. खून नेमका भिंतीपलीकडे झाला आणि डावीकडच्या रांगांना नुसती किंकाळी ऐकू आली. मध्यंतरात वड्याची प्लेट हातात घेऊन ते उजवीकडच्यांना विचारत होते, "खून कोणी केला हो?"

आप्पा म्हणाले, "मला विंगेतून झकास दिसला."

*

मग लांज्याकडच्या एका गावात स्टेज पुढे काढलं, तिन्ही बाजूंना प्रेक्षक. म्हटलं, लोक नाटकाच्या जवळ येतील. आले. फक्त नाटकाच्या पलीकडे बसलेली माणसंही त्यांना दिसायला लागली. नायकाचं मोठं स्वगत चाललेलं, तेवढ्यात उजवीकडची एक काकी डावीकडे ओरडली, "बाळ्या, मुंबयसून कदी आलास रं?"

"कालच आलो, काकी."

"आवस बरी हाय?"

आमचा नायक बाळ्याच्या आईची तब्येत कळेपर्यंत हात वर करून थांबला. घरचे संस्कार चांगले आहेत त्याचे.

*

तरी मला अक्कल आली नाही. वेळणेश्वरच्या बाजूला एका देवळासमोर गोल बैठक मांडली. मध्ये नाटक, भोवती माणसं. देवळाकडची सगळी बाजू ओस पडली. गुरव शांतपणे म्हणाले, "देवाकडे पाठ करून कोण बसंल?"

हे नटांनाही पटलं. सगळे देवाकडे तोंड करून बोलले. दीड तास गावाने पाठी बघितल्या. आप्पा खुर्ची सोडून सभामंडपात उभे, घंटेची दोरी धरून.

*

यंदा मात्र मी पक्का बंदोबस्त केला. आंब्याचा हंगाम संपल्यावर एक पॅकिंग शेड मिळाली. चारी बाजूंना खुर्च्या, मध्ये नाटक. विंग नाही, पडदा नाही, देऊळ नाही, एक लोंबती दोरीसुद्धा नाही. आप्पांना दुसऱ्या रांगेत बसवलं. बसले. माझं लक्ष नाटकाकडे नव्हतंच, त्यांच्याकडे होतं.

नाटक संपलं. पण पडदाच नाही, तर ते संपलं हे लोकांना कळणार कसं? कोणी हलेना. नट एकमेकांकडे बघत उभे.

मग आप्पा उठले. दोन्ही हात वर नेले, मुठी वळल्या आणि नसलेली दोरी सावकाश, हातावर हात टाकत, खालपर्यंत ओढली.

शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येताना धीर करून विचारलं, "आप्पा, समोरून कसं वाटलं?"

चष्मा पुसत म्हणाले, "पडदा जरा उशिरा पडला."